अँब्रोजची पाठ

टॅबिथाने लग्न केलं ते छपरासाठी, आणि ते तिने कुणापासून लपवलंही नाही. बोनापार्टशी लढाई नुकतीच संपली होती. डॉर्सेटमधल्या त्या गावातली लग्नाजोगी पोरं एक तर मातीत गेली होती, नाहीतर पांगळी होऊन परतली होती. तिशी उलटलेली टॅबिथा भावाच्या घरी त्याची पोरं सांभाळत होती. भावजय जुडिथ तोंडाची फटकळ.

"वन्सं, अँब्रोजने विचारलंय ना? मग हो म्हणून मोकळ्या व्हा. प्रेमबिम काय घेऊन बसलात!"

"मी कुठं प्रेमाचं नाव काढलं? त्याचं छप्पर गळतं का, एवढंच सांग."

छप्पर गळत नव्हतं. अँब्रोज गाड्यांची चाकं बनवायचा. त्याची पहिली बायको मर्सी तापाने गेली होती. ती चर्चमध्ये मागच्या बाजूला असलेल्या गाणाऱ्यांच्या माडीवर गायची. तिच्या माघारी तिथली जागा टॅबिथाला मिळाली. स्तोत्र सुरू झालं की खालची सगळी मंडळी माडीकडे तोंड करून उभी राहायची, तशी रीतच होती. एकटा अँब्रोज वळत नसे. बिचाऱ्याला वर बघवत नसेल, असं टॅबिथाला वाटे. लग्नानंतरही तो वळला नाही.

माणूस भला होता. आवाज चढवत नसे, दारू बेताची, ताटात पडेल ते खायचा. पण टॅबिथा पावाची कणीक मळताना गुणगुणू लागली की त्याच्या हातातली पटाशी थांबे. मग तिला भास होई, आपल्यामागे कुणीतरी उभं आहे. ती वळून बघे. कुणी नसे. ती स्वतःवरच चिडायची. आपण काय मर्सीचा नवरा चोरला होता?

आणि मग नको तेच झालं. तो माणूस तिला आवडायला लागला. त्याला यायला उशीर झाला की ती दारात जाऊन उभी राहू लागली.

एकदा जुडिथ हसत हसत म्हणाली, "वन्सं, तुमचा आवाज अगदी मर्सीचा हो! डोळे मिटून ऐकलं की अंगावर काटा येतो."

टॅबिथाला माडीकडे कधी न वळणारी ती पाठ आठवली. पुढच्या रविवारी स्तोत्राच्या मध्यावर तिने तोंड मिटलं. बाकीचे गातच होते. आणि अँब्रोज गर्रकन वळला. चेहरा पांढराफटक. त्याची नजर माडीवरच्या बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, टॅबिथावरून पुढे गेली आणि पुन्हा शोधू लागली.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "मधेच का गं थांबलीस?"

"तुम्ही वळता का ते बघत होते. कुणाला शोधत होतात?"

त्याला खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत. "तू गातेस तेव्हा मर्सी असते तिथं. मी वळलो तर जाईल, म्हणून वळत नाही."

"आणि मला मागणी घातलीत ती?"

"त्यासाठीच." मग तो हळूच म्हणाला, "तू तरी छपरासाठीच आलीस ना?"

"आले होते. आता तसं नाही राहिलं हो."

अँब्रोजने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. त्याला तिची दया आली असावी, लाजही वाटली असावी. "बस इथं समोर," तो म्हणाला. "गा. मी तुझ्याकडेच बघतो."

ती गाऊ लागली. त्याने मनापासून प्रयत्न केला, हे तिला दिसत होतं. पहिली ओळ त्याने डोळे ताणून तिच्याकडे पाहिलं, दुसरीही. तिसरीला त्याच्या पापण्या आपसूक मिटल्या आणि चेहऱ्यावर असं सुख पसरलं, जे टॅबिथाने त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. ती थांबली असती तर त्याने डोळे उघडून तिच्याकडेच बघितलं असतं.

ती थांबली नाही.