दुसऱ्यांदा चितवन

नेपाळला जायचं खूळ माझं होतं. इथे आयर्लंडमध्ये, आमच्या ॲथलोन गावात, हिवाळा लागला की दुपार संपायच्या आत काळोख पडतो. त्या काळोखात मी सोफ्यावर पाय घेऊन लॅपटॉपवर डोंगर बघत बसायचे. नवरा शेजारी येऊन टेकायचा आणि म्हणायचा, "जाऊ या की. दोघंही कधी गेलो नाही आपण." हे वाक्य त्याचं आहे. नंतर मी ते मनात पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. त्यानं अगदी असंच म्हटलं होतं.

या सहलीला एक कारणही होतं. काही वर्षांपूर्वी आमचं बाळ पोटात असतानाच सहाव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. ज्या नर्सनं तिला माझ्या हातात दिलं ती माझ्यापेक्षा लहान होती, आणि इथे मयताला म्हणतात तसं "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणून ती बराच वेळ माझ्याजवळ उभी राहिली. घरी आल्यावर मी काही दिवस उठायचेच नाही. नवरा चहा करून आणायचा, तो गार झाला की घेऊन जायचा. आणि तशातच एका सकाळी तो पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "बाबांच्या छातीत दुखलंय. अँजिओप्लास्टी करायची म्हणतायत. मला जावं लागेल गं."

बाबा म्हणजे माझे सासरे. नाशिकला एकटेच असतात, सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. तो एकुलता एक. तो जाणार नाही तर कोण जाणार? मीच उठून त्याची बॅग भरायला घेतली. त्या दिवसांत मी उठून केलेलं ते पहिलं काम असावं. शेजारच्या आयरिश मावशी मला रोज सूप आणून द्यायच्या, त्याच्याबद्दल विचारायच्या. फोनवर त्याचा आवाज तुटक यायचा. बाबा झोपलेत म्हणायचा, हॉस्पिटलमध्ये रेंज नाही म्हणायचा. मी त्याला म्हणाले, "घाई करू नकोस, त्यांना नीट बरं वाटू दे. मी आहे ठीक." तो परत आला तेव्हा उन्हानं रापला होता. नाशिकचं ऊन, मला वाटलं.

तेव्हापासून बाबांची काळजी मी अंगावरच घेतली. मी ज्या कारखान्यात काम करते तिथे याच शस्त्रक्रियेला लागणाऱ्या बारीक नळ्या तयार होतात. हृदयापर्यंत स्टेंट नेऊन पोचवते ती नळी. पुढच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "बाबा, कुणी सांगावं, तुमच्यापर्यंत आमच्याच प्लांटची नळी आली असेल." ते हसले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. मी त्यांना सगळं अळणी करून घालायचे. आमटी, भाजी, पिठलंसुद्धा. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक डबा उलटा करून त्यात मीठ किती ते वाचायचे. शॅनन नदीच्या काठानं फिरायला जाताना मी त्यांना भरभर चालू द्यायचे नाही. जेवण झालं की ते खिशातून गोळी काढायचे आणि मी पाण्याचा पेला पुढे करायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. हे सगळं करताना मला फार बरं वाटायचं.

तर, नेपाळ. टूरबिर नको होती. पाठीवर सॅक, लोकल बस, मिळेल त्या घरी मुक्काम. काठमांडू, मग पोखरा, तिथून वरच्या गावांतून थोडे दिवस पायी, आणि शेवटी खाली तराईत उतरून चितवनच्या जंगलात सफारी. आखणी सगळी मी केली. नवरा ऐकून घ्यायचा, प्रश्न विचारायचा. "गेंडा खरंच दिसतो का गं?" असंही त्यानं विचारलं होतं.

ते दिवस सुरेख गेले, हे खोटं कशाला सांगू. काठमांडूहून पोखऱ्याला जाणारी बस दरीच्या कडेनं अशी काही वळायची की मी त्याचा हात घट्ट धरून बसले होते. गुरुंग या तिथल्या डोंगरी जमातीच्या एका घरात आम्ही चुलीपाशी बसून डाळभात खाल्ला. घरच्या बाईंनी माझ्या फुटलेल्या टाचेला मोहरीचं तेल चोळलं, आणि नको नको म्हणताना मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ढग बाजूला झाले आणि माछापुच्छ्रे एकदम समोर उभा राहिला. नवरा "अरे बापरे!" म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी डोंगराकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. आमच्यात जे थिजून गेलं होतं ते इतक्या दिवसांनी हलतंय असं मला वाटलं.

मधून मधून तो वाट न विचारता वळायचा. पोखऱ्याच्या तळ्याजवळ बरोबर एका गल्लीत शिरून त्यानं मोमोचं दुकान शोधलं. "कुठल्याशा ब्लॉगवर वाचलं होतं," म्हणाला. मी कौतुकच केलं.

चितवनला पोचलो तर हवा एकदम उबदार. जंगलाच्या बाहेर, राप्ती नदीच्या काठी आमचं लॉज होतं. पहिल्या संध्याकाळी जीपमधून हत्तीगवतात गेलो. ते गवत जीपच्याही वर जातं, आणि ते हललं की वारा आहे की जनावर, कळत नाही. एक गेंडा वाटेच्या कडेला चरताना दिसला. त्याच्या अंगावरच्या घड्या चिलखतासारख्या होत्या आणि तोंडातून गवत तुटल्याचा कराकरा आवाज स्पष्ट येत होता. आम्ही दोघं खुशीत लॉजवर परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी. एकाच झाडाचं खोड कोरून केलेली, लांब, अरुंद. तिला तिथे डुंगा म्हणतात. एकामागे एक बसायचं. पुढे आमचा वाटाड्या, त्याच्यामागे मी, माझ्यामागे नवरा, शेवटी बांबू घेऊन उभा असलेला नावाडी. होडीची कड पाण्याच्या जेमतेम वर. वाटाड्यानं हिंदीत बजावलं, "हिलना नहीं, मुड़ना नहीं, हाथ बाहर नहीं. मगर है." नदीवर धुकं होतं. वाळूवर सुसरी पडल्या होत्या, लांब चिंचोळ्या तोंडाच्या, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या. एक खंड्या पाण्यात सूर मारून गेला. कुणी बोलत नव्हतं.

नदीच्या एका वळणावर माझ्या पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला. सहज, गप्पा मारल्यासारखा. "पिछली बार यहाँ बीच में एक टापू था न? उस पर बहुत सारे मगर थे."

वाटाड्या पुढे बघतच म्हणाला, "हाँ सर, वो तो बाढ़ में बह गया. आप पहले आए हैं?"

मागे नावाड्यानं बांबू पाण्यात रोवला.

"टापू देखा है, तो बाढ़ से पहले आए होंगे," वाटाड्या म्हणाला आणि पूर कुठल्या साली आला तेही त्यानं सांगितलं. आमची मुलगी गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.

मला वळता येत नव्हतं. वळले तर होडी कलंडली असती. मी दोन्ही हातांनी कडा धरून पाण्याकडे बघत बसले. लग्नाआधी तो कधी देशाच्या बाहेर गेला नव्हता, पासपोर्टच आयर्लंडसाठी काढला होता. आम्ही एकत्र आल्यापासून तो एकटा असा एकदाच गेला होता. मला हिशेब करावाच लागला नाही. पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात वाटाड्यानं बोट दाखवलं, काठावर मगर होती. मी मान हलवली.

होडीतून उतरल्यावर साल वृक्षांतून पायी परत यायचं होतं. तिथेही रांगेत, न बोलता. वाटाड्यानं सांगितलं की गेंडा अंगावर आला तर वेडंवाकडं पळायचं, अस्वल आलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं. मी अक्षर न् अक्षर ऐकलं आणि चालत राहिले. जंगल संपलं तिथे चहाची टपरी होती. वाटाड्या आत गेला, तेव्हा मी विचारलं, "बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती का?"

तो बाकावर बसला. "नाही."

"छातीत दुखलं होतं?"

"नाही."

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही. शप्पथ, तसलं काहीच नव्हतं गं. मी एकटाच होतो. मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस, चहा गार व्हायचा. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे कुणाला काही माहीत नाही."

"मग तसं सांगायचं."

"तू जाऊ दिलं असतंस?"

कदाचित दिलं नसतं. पण भांडलो असतो, रडलो असतो. ती माझीही मुलगी होती आणि त्याचीही. तो डोंगर बघायला गेला याचा मला तेवढा राग आला नाही. मी घरात एकटी असताना त्यानं मला एका आजारी माणसाची काळजी करायला लावली, त्याचा आला. आणि आत्ता, चार दिवसांपूर्वी, डोंगर दिसल्यावर डोक्यावर हात ठेवून "अरे बापरे" म्हणाला, त्याचा.

"ते पण खोटंच का? माछापुच्छ्रे?"

"तेव्हा ढग होते," तो म्हणाला. "मागच्या वेळी दिसलाच नव्हता." हे खरं असेलही. मला आता ते ठरवता येत नव्हतं.

मग एकदम दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. "बाबांना माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जीप सफारी होती, ती मी एकटीनं केली. तो लॉजवरच राहिला. हरणं दिसली, मोर दिसले, चिखलात वाघाच्या पंजाचा ताजा ठसा दिसला आणि जीपमधल्या इतर लोकांनी आनंदानं एकमेकांचे हात धरले. मीही कुणाचा तरी धरला. परतीच्या विमानांत आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि ट्रे इकडून तिकडे देण्यापुरतं बोललो.

घरी पोचल्यावर मी बाबांना फोन केला. नवरा ऑफिसला डब्लिनला गेला होता.

"कसा झाला प्रवास, बेटा?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही माझ्यासमोर गोळी घ्यायचात. ती कसली होती?"

"व्हिटॅमिनची," ते म्हणाले.

"महिनाभर अळणी जेवलात."

"त्यानं सगळं होऊन गेल्यावर मला सांगितलं गं. मी खूप बोललो त्याला. पण तू फोनवर इतक्या मायेनं विचारलंस, बाबा आता कसं वाटतंय म्हणून... मला म्हणवेना की काही झालंच नव्हतं. तू त्यातनं जरा सावरत होतीस. वाटलं, आत्ता नको. नंतर सांगू. मग ते राहूनच गेलं."

"मला वेड्यात काढलंत तुम्ही दोघांनी."

"हो," ते म्हणाले. त्यांनी काहीच सारवासारव केली नाही, आणि त्यामुळे मला फोन आपटताही आला नाही. मी तो हळूच ठेवला.

नवरा आता डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात राहतो, ऑफिसातल्या दोघांबरोबर एका घरात. आम्ही वकिलाकडे गेलेलो नाही. तो महिन्यातून एकदा येतो, गटार तुंबलं असेल तर बघतो, बॉयलर बघतो, आम्ही समोरासमोर बसून जेवतो. एकदा त्यानं विचारलं, "मी काय केलं तर तुला पुन्हा विश्वास वाटेल?" मी खरं तेच सांगितलं, मला माहीत नाही. तो बस आली म्हणाला तरी मी खिडकीतून बघते.

बाबांशी मी बरेच महिने बोलले नाही. त्यांचा निरोप रोज सकाळी यायचा, कधी अंगणातल्या जास्वंदीचा फोटो, कधी नुसतं "बरी आहेस ना". त्यांच्यावर मी नवऱ्यापेक्षा जास्त चिडले होते, कारण त्यांच्याकडून मला काहीच नको होतं, फक्त ते माझे असावेत एवढंच. गेल्या रविवारी त्यांचा फोन मी उचलला. जास्वंदीला किती फुलं आली ते त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "गेंडा पाहिलास म्हणे?"

"पाहिला."

"केवढा असतो गं?"

मी सांगायला सुरुवात केली.