एका मेमरी कार्डासाठी हसनाबाद

लोक हसनाबादला लग्नाला जातात. मी गेले जुना फोन गाठायला, तेही स्वतःच्या आगाऊपणामुळं.

आण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बोलता येत नव्हतं. बोलायचा सराव घेणाऱ्या ताई म्हणाल्या, त्यांनीच गायलेली जुनी भजनं ऐकवा, कदाचित सोबत गातील. भजनं होती मेमरी कार्डावर. नव्या फोनात कार्ड घातलं तर म्हणे, ‘चालत नाही, फॉरमॅट करा.’ मी बोट लावणारच होते! जालन्यातल्या मोबाईलवाल्यानं थांबवलं. हे कार्ड जुन्या फोनला त्याची स्वतःची मेमरी म्हणून जोडलंय, म्हणाला, त्याच फोनात उघडणार. तो फोन कुणी रिसेट केला असेल तर भजनं गेलीच समजा. आणि आण्णांचा तो फोन मीच हसनाबादच्या आत्याला देऊन टाकल्ता.

फोनवर विचारलं तर आत्याला रिसेट म्हणजे काय तेच कळेना. तूच ये, म्हणाली.

थेट गाडी चुकली, म्हणून भोकरदनची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चा किरकोळ. स्टँडबाहेर गरम भजी खाल्ली आणि पुढं जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, घाई असेल तर या वाटेनं जाऊ नका. दोन्हीकडं कपाशी छान होती, पण माझं सगळं लक्ष पर्समधल्या कार्डाकडं. शेजारच्या बाईंनी कुणाकडं चाललात विचारलं. आत्याकडं, म्हटलं. खरं सांगितलं असतं तर येड्यात काढलं असतं.

आत्या शेळ्यांना पाला टाकत होती. फोन हातात घेतला तर वरच निरोप: ‘कार्ड पुन्हा घाला.’

“हे रोजच म्हणून राह्यलंय,” आत्या म्हणाली. “पोरं म्हणले, सगळं पुसून टाका, जल्दी चालंल. म्या बिलकुल न्हाई म्हणले. दादाची चीज, त्याला इचारल्याबिगर कशी पुसावी?”

कार्ड घातलं, फोन बंद करून चालू केला. सगळी भजनं जागेवर! मी तिथंच रडले. आत्यानं आधी पाणी दिलं, मंग चहा गार केला म्हणून शिव्या दिल्या. माझ्या फोनात सगळं येईपर्यंत तिची पिठलं-भाकरी तयार होती. तुम्हालाही सांगते, कार्ड पुढं दुसऱ्या फोनात वापरायचं असेल तर ते फोनची स्वतःची मेमरी करू नका.

संध्याकाळी घरी येऊन पहिलं भजन लावलं. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. डावा हात मांडीवर ताल धरायला लागला. एका चढ्या ओळीवर त्यांनी तोंड वाकडं केलं, मला वाटलं दुखतंय कुठंतरी.

“बेसूर,” आण्णा म्हणाले.

इतकं स्पष्ट, की आई पिठाच्या हातानंच धावत बाहेर आली.