काळी बाटली

मी भरलेला हंडा वहिनींनी माझ्यादेखत मोरीत ओतला. लाइट गेली होती, मोटार बंद, म्हणून मी विहिरीतून बादलीनं पाणी शेंदलं होतं.

"म्हातारे, विहिरीला हात लावायचा नाय, किती वेळा सांगायचं? आता देवाला कुठलं पाणी घालू?"

मी रिकामा हंडा उचलून बाजूला झाले. वहिनी म्हणजे मालकीण; त्यांच्या द्राक्षबागेत आणि घरात राबण्यात माझा जन्म गेला. वस्तीच्या हापशाचं पाणी मचूळ. म्हणून रोज मी घरी जाताना वहिनी विहिरीच्या पाण्यानं, पाईपनं, वरूनच, माझा हंडा भरून द्यायच्या. मी ते उपकार समजायची. तेच पाणी नातीला पाजायची.

नातीला जुलाब लागले. थांबले, पुन्हा लागले. डोळे खोल गेले. आई नाही तिला.

वहिनी म्हणाल्या, "तुमची वस्तीच घाण."

वस्तीवर औषधं वाटणाऱ्या आशाताईनं तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावून आणलं. मग माझ्या हातात आत औषध असलेल्या दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. "आजी, पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवसांनी बघायचं. काळं झालं तर पाणी खराब."

मी चौथी शिकलेली. एवढं कळलं.

हापशाची बाटली मी भरली. विहिरीची वहिनींना भरायला लावली. माझा हात लागला असता तर दोष हातालाच गेला असता.

हापशाची होती तशीच राहिली. विहिरीची काळी. डांबरासारखी.

"तुझ्या घरात होती ना बाटली," वहिनी म्हणाल्या.

आशाताईनं आणखी एक दिली. ती वहिनींनीच भरली, देवघरात ठेवली. "इथं कुणाचा हात लागणार नाय." मी उंबऱ्याबाहेर. दोन दिवसांनी देवासमोर काळी.

वहिनींनी बाटली उजेडात धरून पाहिली. बाजेवरून त्यांची सासू म्हणाली, "मग माझं पोट पण यानंच बिघडतंय का गं?"

विहिरीत औषध पडलं. नात वाचली, पण अंगानं काडी. माझा पेला अजून वहिनींच्या घराबाहेरच्या कोनाड्यात वेगळाच आहे. मी मरेपर्यंत तो तिथून हलेल असं वाटत नाही. माझ्या हातानं पाणी बाटतं, हे साठ वर्षं मीही खरं मानलं. बाटलीनं मानलं नाही.

उद्या पुन्हा तपासणी आहे. या वेळी विहिरीवर मी जाणार, बादली मी सोडणार, बाटली मी भरणार. माझा हात लागलेलं पाणी ओतायचंच असेल, तर वहिनींनी अख्खी विहीर ओतावी.