ज्ञानेश्वर टेलरनं घरी बांधलेलं इंजिन

उंद्रीत ज्ञानेश्वर टेलरच्या हातचा सदरा एकदा अंगाला बसला की माणूस दुसऱ्याकडे कापड टाकत नसे. पण त्याला कापडाहून यंत्राची ओढ जास्त. शिलाई मशीन तो स्वतःच खोलायचा. पुढे गावातल्या पाण्याच्या मोटारी, मोटरसायकली, एकदा तर देवळातला भोंगाही त्याच्या ओट्यावर येऊन दुरुस्त होऊन गेला. ट्रॅक्टरचं इंजिन मात्र त्यानं आजवर बाहेरूनच पाहिलं होतं.

ट्रॅक्टर घरचाच होता. चार एकर शेत बायको सुचिता पाहायची आणि ट्रॅक्टरही तीच चालवायची. दिवाळीनंतर ती कांद्याचं रान करायला निघाली तर गाडी चढावर धापा टाकू लागली. धूर निळा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. ज्ञानेश्वरनं ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी उतरत होतं.

चिखलीच्या मेकॅनिकनं फोनवर सांगून टाकलं, वीस दिवस जागा नाही. इकडे कांद्याची रोपं दहा दिवसांत लावायला येणार होती.

"मी खोलतो," ज्ञानेश्वर म्हणाला.

"पुरं इंजिन?" सुचितानं विचारलं.

"हाव. मानसानंच जोडलं ना ते? मंग मानसाले खोलताबी येते."

"खोलसान तं खरं, पन मले जोडलेलं पाहिजे."

"दहाव्या दिवशी तू रानात असशील," तो म्हणाला आणि दुकानाला कुलूप लावून आला. दिवाळीची शिलाई उरकली होती, गिऱ्हाईक थांबायला तयार होतं.

आधी त्यानं जुन्या चादरीला ओळीनं चाळीस खिसे शिवले, प्रत्येकावर आकडा घातला आणि ती चादर अंगणातल्या भिंतीवर टांगली. जो बोल्ट निघेल तो एकेका आकड्याच्या खिशात जायचा, आणि कुठून निघाला ते वहीत लिहिलं जायचं. दुसऱ्या दिवशी दोघा नवरा-बायकोनं मिळून इंजिनवरचं लोखंडी झाकण, म्हणजे हेड, उचलून पोत्यावर ठेवलं. हेडखालचं पातळ गॅस्केट एका ठिकाणी जळून काळं पडलं होतं; तिथूनच पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. रोग सापडला. पण निळ्या धुराचं कारण अजून आतच होतं, म्हणून त्यानं खालून ऑइलची टाकी उतरवली आणि तिन्ही पिस्टन बाहेर काढले. त्यांच्यावरच्या रिंगा झिजून गेल्या होत्या, म्हणून ऑइल वर चढून जळत होतं.

हेडचा तळ लेथवर सपाट करून घ्यायला तो खामगावला गेला आणि येताना पिस्टनभोवतीचे लायनर, रिंगा, बेरिंग, गॅस्केट असं सगळं नवं घेऊन आला. मोबाइलवरचे व्हिडिओ त्यानं तीन-तीनदा पाहिले. बऱ्याच गोष्टी त्याला न सांगताच कळल्या. रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत. जाड कापडात तो शिवणीही अशाच सरकवायचा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, थोडेथोडे आवळत जायचं. अस्तरही तसंच टाचलं तर चुणी पडत नाही.

शेजारचे हिंमतराव रोज अंगणात खुर्ची टाकून हे काम बघत बसत. ते तीस वर्षं ट्रक चालवून आता घरी होते. आठव्या दिवशी सकाळी डिझेलच्या नळीतली हवा काढून ज्ञानेश्वरनं सुचिताला खूण केली. तिनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि तिसऱ्यांदा चालू झालं. धूर साफ होता. हिंमतरावांनी खुर्चीतून उठून ज्ञानेश्वरच्या पाठीवर हात ठेवला.

पण सुचिताची नजर मीटरवर होती. "अहो, ऑइलचा काटा उठून नाही राह्यला."

"बंद कर," ज्ञानेश्वर म्हणाला. तिनं इंजिन बंद केलं.

"काऊन बंद केलं बे?" हिंमतराव म्हणाले. "चालू दे थोडं. नवं काम हाये, येते प्रेशर."

"नाही भाऊ. तेल वर गेलं नाही तं नवे बेरिंग जळतीन. मी खालून परत खोलतो."

"आठ दिवसांची मेहनत हाये."

"म्हनूनच."

त्याचा आवाज जराही चढला नव्हता. तो तसाच ट्रॅक्टरखाली सरकला. दुपारपर्यंत टाकी उतरली आणि ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी त्याचं बोट थांबलं. तिथला रबरी वायसर बसवताना दुमडला होता. पंप तेलाऐवजी हवा ओढत होता.

"मीच बसवला हा," तो सुचिताला दाखवत म्हणाला. "घाईत बोट फिरवून पाह्यलं नाही."

"आता पाह्यलं ना," ती म्हणाली आणि तिनं नवा वायसर त्याच्या हातात दिला.

या खेपेला त्यानं बोट दोनदा फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुचितानं किल्ली फिरवली तेव्हा तिघंही काट्याकडेच पाहत होते. काटा हलला, वर चढला आणि मधोमध जाऊन थांबला. हिंमतराव आपल्या घरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

दहाव्या दिवशी माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर मागे लावून सुचिता रानात गेली. ज्ञानेश्वर दिवसभर बांधावर बसून आवाज ऐकत होता. संध्याकाळी त्यानं ऑइलची पट्टी काढली; ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. मग त्यानं लिंबू आणि धुण्याच्या पावडरीनं हात घासले, नखं कातरली, आणि दुकान उघडून एका नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्याचं कापड टेबलावर पसरलं.