पाचवीच्या आधीची मुलं

येसूबाई सोपान रणदिवे. वय अंदाजे पन्नास. शिक्षण निरंक. हुद्दा: स्थानिक माहितीदार (मानसेवी), ग्रामीण बालआरोग्य पाहणी, १९७४, तालुका कोरेगाव. जबाबदारी: पथकास घरे दाखविणे. अधिकार: नाहीत.

प्रत्यक्षात येसूबाई सुईण होती. एरवी तिला वरच्या आळीत पायरीशीच थांबावं लागे. कळा सुरू झाल्या की थेट माजघरात नेत. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती, आणि मोठी झाल्यावर तिला लांबून पाणी वाढत होती.

एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखालचं पथक तीन आठवडे दारोदार फिरलं. तीन वर्षांत घरात किती मुलं जन्मली, किती दगावली? जन्मली तेवढी जगली, असं प्रत्येक घरानं सांगितलं. सरपंच लालासाहेब, निवृत्त सुभेदार, छाती काढून म्हणाले, "आमच्या गावात पोरं मरत न्हाईत, डॉक्टरीणबाई. हवाच तशी हाय." नर्सचं उपकेंद्र मरण जास्त असेल त्या गावाला मिळणार होतं. ते शेजारच्या गावाला जाणार असं दिसताच लालासाहेबांना कुस्ती मारल्यासारखं वाटलं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते. त्याआधी गेलेलं मूल आलंच नव्हतं, असं धरतात. त्याला नाव नसतं. त्याचा विषय काढला तर पुढचंही तीच वाट धरतं, म्हणे. येसूबाईच्या वस्तीनं छप्पन्न साली बुद्धाला शरण जाताना सटवाईला निरोप दिला होता. सटवाईला मात्र ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

येसूबाईची लेक भामा तिसऱ्या खेपेला माहेरी आली होती. सहावा महिना. आधीची दोन्ही पाचवी बघू शकली नव्हती. गावात नर्स यावी, यापलीकडे येसूबाईला संशोधनात रस नव्हता.

एका दुपारी ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "वही घ्या, बाई. येक आळी ऱ्हायलीया."

ती त्यांना ओढ्याकाठी घेऊन गेली. उसाला तुरे आले होते. वारा आला की सगळं शिवार झोपेत कूस बदलल्यासारखं पांढरं हलायचं. काठानं बाभळीच्या काट्यांचे लहान लहान ढीग होते, पुरलेलं कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून रचलेले. येसूबाई बोट दाखवत चालली.

"ही बनुबाईची. शाळू हुरड्यात हुता तवा. लय केस हुतं. ह्यो हंबीररावाचा, दुष्काळात खडी फोडायचं काम चाललं हुतं तवाचा. डोळं उघडून समद्यांकडं बगितलं, आन् पुन्ना मिटलं."

तिच्या आवाजाला झोपवण्याची लय होती. लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंना वाटू लागलं, वर धूर निघतो ते एक गाव, आणि खाली हे दुसरं नांदतंय: सगळे एका वयाचे, आळ्या नाहीत, पायऱ्या नाहीत, सरपंच नाही.

"आणि तुमच्या घरचं कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

येसूबाईचं बोट खाली आलं. सांगावं तर भामाच्या पोटातल्याला धोका. न सांगावं तर नर्स येत नाही.

"लिवा," ती म्हणाली. "त्या करंजाखाली. दोन."

संध्याकाळी लालासाहेब तिच्यावर कडाडले. "येसू, गावाचं नाक कापलंस की गं!"

"नाक ऱ्हाऊ द्या, सुभेदारसायेब. तुमच्या सुनंचं बी येक हाय तितं."

लालासाहेबांनी उपकेंद्राच्या अर्जावर सही केली, फौजेतल्यासारखी, तारखेसकट.

अहवालात नोंद आहे: 'स्थानिक जनतेच्या सक्रिय सहभागामुळे बालमृत्यूंच्या आकड्यांत समाधानकारक वाढ झाली. उपकेंद्र मंजूर करण्यात येत आहे.'

नर्स जूनमध्ये रुजू झाली. भामा मार्चमध्ये बाळंत झाली होती. मूल तीन दिवस जगलं.