खरवईची गुंतवळ

ते प्रकरण आठवलं की आजही विंचरलेले केस मी उजेडात धरून बघते.

मी चौथी शिकलेली. हवालदार नवरा नोकरीत वारला, म्हणून मला पोलीस ठाण्यात शिपायाच्या कामावर घेतलं. चौकशीला बाई आणली की तिच्यापाशी मी बसायची.

खरवई गावची एक म्हातारी पोट दुखून दुखून गेली. तिचं लिव्हर आणि किडनी मिठाच्या पाण्यात, बरणीत घालून लॅबला गेली. बाकीची जाळली. अहवाल आला, दोन्हींत आर्सेनिक, म्हणजे विष. त्याच दिवशी शेजारीण ठाण्यात येऊन सांगून गेली, "सून चहात रोज काहीतरी कुटून टाकायची." मुलानेही बायकोविरुद्धच जबाब दिला. सुनेच्या लग्नाला आठ महिने झालेले, ती पोटुशी.

साहेबांनी विचारलं, "चहात काय टाकायचीस?"

"आलं."

"रोज?"

"आल्याशिवाय त्या कप फेकायच्या, साहेब."

तिला बाहेर बसवून साहेब चिडून म्हणाले, "म्हातारीचे केस ठेवले असते तर विष कधीपासून जातंय ते कळलं असतं. तेही जळाले."

मी म्हटलं, "सगळे नाही जळाले. म्हाताऱ्या बायका गुंतवळ टाकत नाहीत. विंचरून निघालेले केस साठवतात, केसवालीला देऊन भांडं घेतात."

"मावशी, तुम्ही चहा ठेवा," साहेब म्हणाले. "आलं नको."

दुसऱ्या दिवशी मात्र मला जीपमध्ये घेतलं. म्हातारीच्या घरी मोरीतल्या खिळ्याला पिशवी होती. आत हातभर लांब पांढरे केस. घरात दुसरं पांढरं डोकं नव्हतं. पंचनामा केला, पिशवी सीलबंद करून लॅबला पाठवली.

मुळापासून टोकापर्यंत आर्सेनिक निघालं. केस महिन्याला अर्धं बोट वाढतो, म्हणजे सून यायच्या कितीतरी आधीपासून.

मग घरातलं पाणी तपासलं. पिण्याचं पाणी निळ्या पिंपात, त्यातही आर्सेनिक निघालं. मुलगा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत कामाला. तिथली रिकामी पिंपं तोच धुऊन घरी आणायचा, जुनं फुटलं की दुसरं. स्वतः पाणी कंपनीतच प्यायचा. विष पिंपातलं, हे ऐकल्यावर तो खाली बसला तो उठेचना.

शेवटी सुनेचेही केस तपासले. मुळापासून चार बोटं आर्सेनिक. त्यापुढचा, माहेरी वाढलेला केस स्वच्छ. ती सासूच्याच वाटेने चालली होती आणि आम्ही तिलाच विचारत होतो, काय टाकलंस.

संशयित कुठलं पाणी पितो ते आधी बघावं, एवढं मी शिकले.

तिला मुलगी झाली. जावळ काढलं तेव्हा साहेबांनी ते तपासणीला मागितलं. तिने मुठीत घट्ट धरलं.

"नको, मावशी," म्हणाली. "मला ते कळायला नको."