थोरला की धाकटा

माझा मामा फौजेत असताना हेवीवेट बॉक्सिंग खेळायचा, आणि लढाईच्या काळात परदेशातल्या एका छावणीत त्यानं त्या वेळचा जगज्जेता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. शिपायांची करमणूक करायला तो आला होता म्हणे. ही गोष्ट मामानं भिलाईत भेटेल त्याला सांगितली होती. क्रेनवाला, चहावाला, पोस्टमन, कोणी सुटला नव्हता. मामी म्हणायची, "लग्नात मले पाहलं नसन इतकं त्या गड्याले पाहून आले हे."

मी भंडाऱ्याकडच्या गावातून मामाकडे आलो तेव्हा रशियन साहेबांच्या देखरेखीखाली पोलाद कारखान्याच्या विस्ताराचं काम जोरात होतं. क्वार्टरचा नंबर लागायचा होता, तोवर आम्ही रुआबांध्याजवळ कौलारू खोपटात राहत होतो. मामानं मला आपल्याच टोळीत खलासी म्हणून लावून घेतलं. खलासी म्हणजे लोखंडाचे अवजड खांब आणि गर्डर दोरखंडांनी बांधून जागेवर बसवणारे. मामा त्या टोळीचा सिग्नलवाला होता. गर्डर नेमका कुठं टेकतोय हे क्रेनवाल्याला वरच्या केबिनमधून दिसत नाही. तो फक्त सिग्नलवाल्याचे हात पाहतो आणि शिट्टी ऐकतो. मामानं ‘हाबिस’ म्हटलं की उचलायचं, ‘आर्या’ म्हटलं की सोडायचं. खाली दोर धरून उभ्या असलेल्यांचा जीव त्या दोन हातांत असतो. खाली मी असायचो.

वाद मी सुरू केला, हे कबूल करतो. तेव्हा एक नवा जगज्जेता गाजत होता. सिविक सेंटरमधल्या दुकानात जुनी इंग्रजी मासिकं मिळायची, त्यातले त्याचे फोटो मी कापून भिंतीला डकवले होते. दोघांची इंग्रजी नावं आमच्या तोंडात नीट बसेनात, म्हणून घरात मामाचा तो ‘थोरला’ आणि माझा तो ‘धाकटा’ झाला. मी म्हणायचो, धाकट्याच्या पायांना थोरला पोचलाच नसता. मामा म्हणायचा, पोचायची गरजच काय, कधीतरी धाकटा दमून उभा राहीलच, आणि थोरल्याला एकच ठोसा पुरे. मग मी म्हणायचो की तो ठोसा हवेत जाईल. भाकरी थापता थापता मामी विचारायची, यातला एक तरी आपल्याकडे जेवायला येणार आहे का.

पण मामाचं पाहणं निराळं होतं, हे तेव्हाही मला कळत होतं. तो ठोशांबद्दल फार बोलत नसे. तो विचारायचा की मारताना गड्याचा भार कोणत्या पायावर होता. भार पायाखाली असेल तर हात आपोआप जड होतो, हे त्याचं खलाशाचं गणित. थोरला पाऊल टाकायचा तेव्हा त्याचं सगळं अंग एका रेषेत यायचं, असं तो उठून, खोपटाच्या मधोमध उभा राहून दाखवायचा. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस, पण त्या एका पावलापुरता तो खरंच जगज्जेता दिसायचा. मी वाद घालायचो ते बहुतेक त्याला उठवण्यासाठीच.

एका हिवाळ्यात कारखान्याच्या वेल्फेअर खात्यातल्या बाबूनं नागपूरहून सिनेमाचं एक रीळ मागवलं. त्यात थोरल्याची एक लढत होती आणि धाकट्याची एक. घोडामैदान जवळ आलं. रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला आणि आम्ही खलासी पुढच्या सतरंजीवर बसलो.

पहिली लढत थोरल्याची, मामानं फौजेतल्या पडद्यावर कितीदा तरी पाहिलेली. मामा मोठ्यानं बोलत होता, "डावा... अजून डावा... आता उजवा," आणि पडद्यावर तसंच घडत होतं. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, थोरल्यासाठी कमी आणि मामासाठी जास्त. मलाही अभिमान वाटला. फक्त एक गोष्ट खटकली. त्याचा शब्द ठोशाच्या किंचित आधी येत होता.

मग धाकटा आला. त्याचा डावा हात निघायचा आणि परत यायचा, मधलं काही कळायचंच नाही. लोक हॉ हॉ करत होते. मामाचं ‘डावा, उजवा’ थांबलं होतं. थोड्या वेळानं म्हणाला, "हा मारते केव्हा? नुसता नाचूनच राहिला. अन् समोरचा गडी काहून उगाच मुंडकं मागं फेकून राहिला?"

लोक हसले. मामा मला चिडवतोय असं त्यांना वाटलं. मलाही हसू आलं, म्हणून मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो मान तिरपी करून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होता. चिडवणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

मग एकेक आठवायला लागलं. गेले कित्येक महिने गर्डर खाली येताना मामा ओरडून मला विचारायचा, किती राहिलं? मी खालून सांगायचो, एक हात, अर्धा हात, चार बोटं. मला वाटायचं, तो मला काम शिकवतोय, माझा अंदाज तपासतोय. मी ऐटीत उत्तरं द्यायचो. मामा माझ्या डोळ्यांनी काम करत होता आणि मी स्वतःला हुशार विद्यार्थी समजत होतो.

मला भयंकर राग आला. गर्डरखाली मी उभा असायचो, आणखी दोघं असायचे, त्यांच्या घरी लेकरं होती. पण डोळ्यांचं साहेबाला कळलं तर मामाची शिट्टी जाणार, तिच्याबरोबर नोकरी, क्वार्टरचा नंबर, सगळंच जाणार. गावी त्याचं काही उरलं नव्हतं. हेही मला माहीत होतं.

सोमवारी मोठा गर्डर चढवायचा होता. कामाआधी चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं, काल धाकट्यानं डावा हात किती वेळा मारला?

मामानं कप खाली ठेवला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला देवासारखा मानतो. माझ्याहून दुप्पट वयाचा हा माणूस दर दिवाळीला माझ्या पायांना हात लावायचा आणि मी लाजून पाय मागे घ्यायचो. त्यानं दुसऱ्या कोणाला थाप मारली असती. मला मारू शकला नाही.

"मले एकबी नाही दिसला," तो म्हणाला.

"अन् थोरला?"

"थोरला दिसला नाही, बाबू. थोरला आठवला."

मी त्याला काय करायला सांगणार होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. सांगायची वेळच आली नाही. तो उठला, सरळ रशियन साहेबाकडे गेला आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. दुभाषा अजून आला नव्हता. मामा आपल्या हिंदीत म्हणाला, "आँख गया, साब." साहेबाला हिंदी येत नव्हती, पण शिट्टी आणि मामाचं डोळ्याकडे गेलेलं बोट त्याला पुरेसं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं मामाचा हात दोन्ही हातांत धरला. साहेब लोक आमच्यासाठी उठत नसत.

त्या दिवशी सिग्नल मी दिला, कारण टोळीत हातांच्या त्या खुणा फक्त मला येत होत्या. मामाला साहेबानं लांब उभं केलं होतं. गर्डर वर चढला, फिरला, आणि माझ्या ‘आर्या’वर बोटबोट उतरत बोल्टांवर बसला. पुढे मामाला दोरांच्या गोदामात नेमलं. तारेच्या दोरावर बोटं फिरवून तुटलेली तार शोधणं, हे त्याचं काम झालं. त्याच्या हातून गेलेला दोर कधी तुटला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी काम संपल्यावर आम्ही चालत घरी निघालो होतो. वाटेत मामा म्हणाला, "तुहा धाकटाच मोठा आहे. समोरच्या गड्यालेबी तो हात माह्यासारखाच दिसला नसन."

इतकी वर्षं मला हेच त्याच्या तोंडून हवं होतं. मी तिथंच, रस्त्यात, थोरल्याच्या बाजूनं त्याच्याशी भांडायला सुरुवात केली. आजही कोणी विषय काढला तर मी थोरल्याच्याच बाजूनं भांडतो.